आतल्या बाजूची कडी

वृद्धनिवासात बायकांच्या मजल्यावर सकाळच्या वेळी कुणी पाहुणा आला, की तो हमखास म्हणायचा, "किती आनंदी माणसं आहेत हो इथली!" एका बाथरूममधून अंगाई ऐकू यायची, दुसऱ्यातून सतराचा पाढा, आणि तिसऱ्यात कुणीतरी कधीच वारलेल्या नवऱ्याला मोठमोठ्यानं रागावत असायचं. व्यवस्थापक नम्रपणे हसायचे आणि पाहुण्याला पुढे न्यायचे. या गाण्या-बजावण्यामागचं कारण ते सांगायचे नाहीत. कारण असं, की तिथल्या एकाही बाथरूमला आतून कडी नव्हती. आत कुणी आहे की नाही, हे आवाजावरून ओळखायचं. आवाज आला तर थांबायचं, नाही आला तर दार ढकलायचं, असा त्या मजल्याचा कायदाच होता. नवी बाई राहायला आली, की तिला चादर-उशीच्याही आधी कानमंत्र मिळायचा: आत गेलात की तोंड मिटून बसू नका.

पूर्वी कड्या होत्या. पण एकदा पोस्टात नोकरी केलेल्या एक बाई आत घसरून पडल्या, दार फोडेपर्यंत वेळ गेला आणि त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. मुलांनी येऊन आकाशपाताळ एक केलं. दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि त्यानं बाथरूमच्या तर सोडाच, राहत्या खोल्यांच्याही कड्या काढून पिशवीत भरून नेल्या. बाई घसरल्या होत्या त्या गुळगुळीत फरशीवरून. ती फरशी मात्र होती तशीच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

या प्रकाराचा सगळ्यात जास्त संताप यायचा तो एक्स्चेंजबाईंना. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून हे नाव. आपण त्यांना नुसतं बाई म्हणू. दोन माणसांची तार जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, चुकून काही ऐकू आलंच तर ते ऐकलंच नाही असं समजायचं, हे त्या काळात त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्यामुळे न विचारता दुसऱ्याच्या दारात डोकावणं त्यांना चोरीपेक्षा वाईट वाटायचं. मदतनीस मुली सगळ्यांना आजी म्हणायच्या. बाईंना कुणी आजी म्हटलं, की त्या विचारायच्या, "तुझी आजी मी कधीपासून झाले गं? तुझ्या आईला विचारलंस का?"

बाईंच्या खोलीत दुसरी खाट होती ती शिवणबाईंची. शिवणबाईंचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती, पण तिथंही पडदा ओढल्याशिवाय त्यांनी कधी टेप हातात घेतला नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोकं मात्र लख्ख होतं. बोललेलं सगळं कळायचं, राग यायचा, हसू यायचं, बाईंशी भांडणसुद्धा व्हायचं, फक्त ते डोळ्यांनी. आंघोळही त्यांची त्या करायच्या. स्टुलावर बसून, डाव्या हातानं, सावकाश, पण स्वतःची स्वतः. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की जमतंय तोवर करू द्या.

पण ज्या मजल्यावर गाणं हीच कडी, तिथं मुक्या बाईनं करायचं काय?

बाईंनी त्यावर तोड काढली. शिवणबाई आत गेल्या की बाहेर खुर्ची टाकून बाई बसायच्या आणि त्यांच्या वतीनं गायच्या. सूर कशाशी खातात हे बाईंना ठाऊक नव्हतं. तोंडाला येईल ते, मिळेल त्या चालीत, शिवणबाई बाहेर येईपर्यंत त्या म्हणत राहायच्या. शेजारपाजारच्या म्हणायच्या, "बाई, तुमच्यापेक्षा त्यांची कडीच परवडली असती हो." बाई म्हणायच्या, "तेच तर मी सांगतेय, पण इथं ऐकतंय कोण?" सहा-सात महिने हे असं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी, शिवणबाई आत आणि बाई बाहेर भर रंगात असताना, मदतनीस मुलगी धावत आली. हिचं पाऊल कधी जमिनीवर ठरायचं नाही, म्हणून सगळ्या तिला घाईताई म्हणायच्या.

"आजी, ऑफिसात तुमच्या वकीलसाहेबांचा फोन आलाय! लवकर चला, ते थांबलेत लाईनवर!"

बाईंचा मुलगा मोठा वकील. त्याचा फोन म्हणजे पर्वणीच, तोही व्यवस्थापकांच्या फोनवर. काही वाईट तर नसेल? बाई तशाच उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

"आई, आनंदाची बातमी," मुलगा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात मानवी हक्क दिन आहे ना, तर तुमच्याकडे कार्यक्रम आहे आणि प्रमुख पाहुणा म्हणून मलाच बोलावलंय. आत्ताच ठरलं. म्हटलं, तुला आधी सांगावं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "ये. पण मी आत्ता जरा कामात आहे रे."

"तुला कसलं काम, आई?" तो हसला. आणि त्याला नीट उत्तर देण्यात आणखी थोडा वेळ गेला.

बाई वर आल्या तेव्हा बाथरूमचं दार सताड उघडं होतं. नळ दुरुस्त करणारा माणूस हातात पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे कान लालबुंद झाले होते. घाईताई दारात उभी राहून "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत होती. आणि आत स्टुलावर शिवणबाई. टॉवेल खुंटीला, खुंटी लांब, आणि हात चालणारा एकच. एका हातानं माणूस काय काय झाकणार?

बाईंनी पुढे होऊन दार ओढून घेतलं. मग त्या घाईताईवर कडाडल्या.

"आवाज नव्हता हो आजी," घाईताई रडकुंडीला आली. "मी कान देऊन ऐकलं. काहीच आवाज नव्हता. मला वाटलं रिकामं आहे. नळ गळतोय म्हणून किती दिवस तुम्हीच सगळ्या मागे लागला होतात ना?"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं नियमाप्रमाणे कान दिला होता, नळवाला बोलावल्यावर आला होता, आणि फोन आला म्हणून बाई गेल्या होत्या. कुणाचीच चूक नव्हती आणि एक माणूस उघडं पडलं होतं. बाईंना हेच सहन होईना. चूक कुणाची असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून शिवणबाईंनी आंघोळ सोडली. बाई म्हणाल्या, "मी हलणार नाही दारातून, प्रत्यक्ष यम आला तरी." शिवणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं तेही रात्रीच्या कपड्यांच्या आतून, दिवा मालवून. तीन-चार दिवसांनी शेजारच्या बायका नाकाला रुमाल लावू लागल्या, आणि व्यवस्थापकांनी बाईंना खाली बोलावलं.

"मावशी, बसा," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना मावशी म्हणायचा आणि औषधं वेळेवर आणायचा. "शिवणबाईंना आता वरच्या मजल्यावर हलवावं म्हणतो. स्वतःची आंघोळ होत नाही म्हणजे परावलंबी विभाग. त्यांच्या भाच्याशी बोललो फोनवर. तो म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"तिला विचारलंत?"

"त्या कुठं बोलतात, मावशी?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरचा मजला त्यांनी पाहिला होता. तिथं सकाळी चाकांच्या खुर्च्यांची रांग लागते, रांगेतल्या माणसांच्या अंगावर आधीच कपडे काढून नुसती चादर टाकलेली असते, आणि दार उघडंच ठेवून दोन मदतनीस रबरी नळीनं एकेकाला धुऊन काढतात, गप्पा मारत. तिथली माणसं अंथरुणाला खिळलेली, त्यांना काही कळत नाही असं सगळे धरून चालतात. आणि शिवणबाईंना तर सगळं कळतं.

"अहो, तिला आंघोळ जमते," बाई म्हणाल्या. "जमत नाही ते लाज सोडणं. कडी लावा, ती उद्या आंघोळ करेल. मी इस्पितळात पाहिलंय, तिथं आतून कडी लावता येते आणि वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवली की उघडते. पडलं कुणी तर उघडा. कुठं अडतंय?"

"कल्पना चांगली आहे," व्यवस्थापक म्हणाले. "समितीपुढे ठेवतो."

"समिती कधी बसते?"

"मानवी हक्क दिनाचा कार्यक्रम झाला, की मग बघू."

"आणि हिला वर कधी नेणार?"

"कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर गडबड नको."

"म्हणजे आधी माणूस हलवणार आणि मग कडीचा विचार करणार! वरातीमागून घोडं!"

व्यवस्थापकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मावशी, तुम्हाला बोलायला काय जातं? उद्या आत कुणी पडलं, जिवाचं बरंवाईट झालं, तर लोक माझी मान धरतील. तुमची नाही."

बाई उठल्या. त्या दात-ओठ खात वर आल्या. शिवणबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखायचं ते ओळखलं. डाव्या हातानं त्यांनी बाईंची बाही धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

आता सगळी भिस्त मुलावर होती. बाईंना मनातून वाटत होतं, आपला लेक एवढा हक्कांवर बोलणारा, व्यवस्थापक त्याच्या पुढेपुढे करणारे. त्यानं नुसता शब्द टाकला की काम फत्ते.

कार्यक्रमाच्या दिवशी तो थोडा लवकर आला. जिना चढून खोलीत येईपर्यंत त्याला धाप लागली. साठीला आलेला माणूस, साखर, रक्तदाब, सगळं अंगाला चिकटलेलं. शिवणबाई खाटेवर पाठ करून बसल्या होत्या. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि नळवाल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळं सांगितलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आई, व्यवस्थापकांचीही बाजू आहे. सुरक्षा हाही हक्कच आहे. जगण्याचा हक्क पहिला, बाकीचे त्यानंतर."

"बाकीचे कधी मिळायचे मग? मेल्यावर?"

"तू शब्दाला शब्द वाढवू नकोस. जगात लोकांना तुरुंगात डांबतात, मारतात, बोलायची बंदी असते. मी त्यांचे खटले लढतो. त्यात तुझी ही बाथरूमची कडी... तूच सांग, कुठं बसवू मी ती?"

"दाराला."

तो कसनुसा हसला. बाई हसल्या नाहीत. "माझ्यासमोर आंघोळ करशील?" त्यांनी विचारलं.

"आई!"

"लहानपणी करत होतास की."

"आता काय मी लहान आहे?"

"मग ती तरी कुठं लहान आहे?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बरं, मी बोलतो व्यवस्थापकांशी. एवढा कार्यक्रम होऊ दे." आणि भाषणाचे कागद सारखे करत तो खाली गेला. कार्यक्रम होऊ दे! जो तो हेच म्हणत होता. माणसाच्या हक्कांचा कार्यक्रम आडवा आला म्हणून माणसाचा हक्क खोळंबला होता, आणि यात काही चुकतंय असं एकालाही वाटत नव्हतं. बाईंना त्या क्षणी कुणाच्या तरी डोक्यात पाण्याचा जग घालावासा वाटला. कुणाच्या, ते ठरेना.

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्यांना इस्त्रीचे कपडे घालून पुढे बसवलं होतं. बाई आणि शिवणबाई मुद्दाम मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या, म्हणजे वासावरून कुणी कुजबुजायला नको. शिवणबाईंच्या मांडीवर त्यांची शिवणाची जुनी पिशवी होती. बाईंना वाटलं, शाल आणली असेल.

मुलगा बोलायला उभा राहिला. बोलण्यात तो पटाईतच होता. "हे हक्क आपल्याला कुणी बक्षीस म्हणून देत नाही," तो म्हणाला. "माणूस जन्माला येतो, तेव्हा ते बरोबर घेऊनच येतो. म्हणून ते सगळ्यांचे. तरुणाचे तसे म्हाताऱ्याचे, धडधाकटाचे तसे आजाऱ्याचे. माणूस असणं एवढी एकच पात्रता त्यांना लागते." टाळ्या झाल्या. "आणि या हक्कांचे तुकडे होत नाहीत. एक देतो म्हणून दुसरा काढून घेता येत नाही. जीव वाचवला म्हणून माणसाची इज्जत काढून घ्यायची मुभा कुणालाही मिळत नाही."

बाई ऐकत होत्या आणि त्यांना घाम फुटत होता. खोटं बोलत असता तर कानाआड करता आलं असतं. पण शब्दन् शब्द खरा होता, त्याला तो पाठ होता, आणि मघाशी वरच्या खोलीत यातला एकही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि हा पाषाण आपल्याच पोटचा, या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

तेवढ्यात बाही ओढली गेली. शिवणबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दाराकडे मान केली आणि चालू लागल्या, हळूहळू, पाय ओढत. बाई मागोमाग गेल्या. सभागृहाच्या बाहेर ऑफिस, आणि ऑफिसला लागून पाहुण्यांचं बाथरूम. विश्वस्त मंडळी कधी मुक्कामाला आली तर त्यांच्यासाठी केलेलं. खरखरीत फरशी, गरम पाण्याचा नळ, धरायला दांडा. आणि दाराला आतून पितळेची चकचकीत कडी. ती काढायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शिवणबाईंनी पिशवी उघडून दाखवली. आत टॉवेल होता, साबण होता आणि घडी घातलेले धुतलेले कपडे. म्हणजे बयेनं सगळं सकाळीच ठरवलं होतं!

"अगं पण पडलीस तर?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

शिवणबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बाईंनी जीभ चावली. अगदी व्यवस्थापकांचाच सूर लागला होता. त्यांनी ऑफिसातलं स्टूल तेवढं आत सरकवून दिलं आणि त्या बाजूला झाल्या. दार लागलं. एक्स्चेंजबाईंनी कान देऊन ऐकलं, कडी चाचपडत सरकली आणि बसली. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला. बाई दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. गायचं मात्र नाही, असं त्यांनी ठरवलं. कडी असताना कशाला गायचं?

सभागृहात शेवटच्या टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पाठोपाठ मुलगा लगबगीनं बाहेर आला. तासभर भाषण, त्याआधी दोन कप चहा, आणि साखरेचं दुखणं. त्याची चालच सांगत होती.

"आई, सरक जरा."

"आत शिवणबाई आहेत."

"इथं? का?" तो एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "बरं, किती वेळ लागेल?"

"ते ती ठरवेल."

मागून व्यवस्थापक आले, त्यांच्या मागे घाईताई, आणि मग चहाकडे निघालेली अर्धी सभा. व्यवस्थापकांना काय झालंय ते कळलं, तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "एकट्या? कडी लावून? मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?" त्यांनी दारावर थापा मारल्या. "शिवणबाई! बऱ्या आहात ना? आवाज द्या!"

"ती आवाज कुठून देणार?" बाई ओरडल्या.

आतून काहीच ऐकू येईना. पाण्याचा आवाजही थांबला होता. "पडल्या!" घाईताई किंचाळली. "आवाज नाही म्हणजे पडल्याच!" कुणीतरी म्हणालं दार फोडा, कुणीतरी पहारेकऱ्याला हाक मारली. बाई दार अडवून उभ्या होत्या, पण त्यांनीही दाराला कान लावला. खरंच पडली असेल तर? डोकं आपटलं असेल तर? आपल्या हट्टापायी तिचा जीव गेला तर? पण ती आत साबण लावून बसली असली आणि पुन्हा एकदा दार उघडलं, या सगळ्यांच्या देखत, तर ती जगेल कशाला?

"थोडं थांबा," त्या म्हणाल्या. "तिला वेळ लागतो."

"काही झालं तर जबाबदार तुम्ही!"

"हो. मी."

कडी सरकली. दार वीतभर उघडलं. फटीतून शिवणबाईंचं तोंड दिसलं, ओले केस, गळ्याशी एक बटण लावायचं राहिलेलं. त्यांनी जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, व्यवस्थापकांकडे, पहारेकऱ्याकडे, घाईताईकडे. सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. कडी पुन्हा बसली.

कुणीतरी फस्सकन हसलं. बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं आणि कुठलंच आवरेना. आत फणी फिरत होती, बाहेर प्रमुख पाहुणे, व्यवस्थापक आणि अख्खी सभा तिष्ठत उभी होती. शेवटी शिवणबाई बाहेर आल्या. बटण लावलेलं, भांग पाडलेला, अंगाला साबणाचा वास. कुणी न सांगताच माणसांनी वाट करून दिली.

"उद्या सकाळी यांना वर हलवायचं," व्यवस्थापक घाईताईला म्हणाले. घाबरलेला माणूस रागावतो तसे ते रागावले होते. "आता तर नक्कीच. हे असलं मी चालवून घेणार नाही."

मुलाला मात्र आता दम निघत नव्हता. तो बाईंच्या बाजूनं आत शिरला, दार लावलं, आणि खट्कन कडी घातली.

तो खट्कन आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई व्यवस्थापकांकडे वळल्या.

"ऐकलंत? त्यानं कडी लावली."

"म्हणजे?"

"त्याला साखर आहे. रक्तदाब आहे. मघाशी जिना चढताना धापा टाकत होता. आत आत्ताच आंघोळ झालीय, फरशी ओली आहे. पडला तर? जिवाचं बरंवाईट झालं तर? ढकला दार. बोलवा पहारेकऱ्याला."

"मावशी, अहो ते प्रमुख पाहुणे..."

"घाईताई, आवाज येतोय का गं आतून? नाही ना? मग जा की आत!"

घाईताई दोन पावलं मागेच सरली. कुणी हललं नाही. सगळे त्या बंद दारापासून चार हात लांब, अदबीनं उभे होते.

मुलगा रुमालानं हात पुसत बाहेर आला आणि ती शांतता पाहून थबकला. "काय झालं?"

"तू कडी लावलीस," बाई म्हणाल्या.

"हो. मग?"

"का लावलीस?"

"अगं आई, का म्हणजे? कुणीही..." आणि तो तिथंच अडला. त्याची नजर शिवणबाईंकडे गेली. त्या पिशवी पोटाशी धरून उत्तराची वाट बघत होत्या. तासभर अखंड बोललेल्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. "ते वेगळं असतं, आई," तो पुटपुटला.

"काय वेगळं? सांग ना. मघाशी माइकवर सांगत होतास तसं सांग. सगळे आहेत इथं."

बाई टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. यात काय वेगळं आहे हे कुणीतरी एकदा समजावून सांगितलं असतं, तर त्या गप्प बसल्या असत्या. मुलानं रुमाल खिशात कोंबला. तो व्यवस्थापकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "त्यांना वर नका हलवू. त्यांना जमतंय सगळं. हवं तर मी लेखी देतो."

व्यवस्थापकांनी नाइलाजानं मान डोलावली. शिवणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आणि कडी?" बाईंनी विचारलं.

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. "बघू," व्यवस्थापक म्हणाले. "बघू, आई," मुलगाही म्हणाला.

बघू! एवढं सगळं होऊन पुन्हा बघू! पालथ्या घड्यावर पाणी! बाईंना वाटलं, या दोघांना एकदा धरून गदागदा हलवावं. त्या तोंड उघडणार, तोच गर्दीतून सतराचा पाढा म्हणणाऱ्या बाई पुढे आल्या. मधल्या वेळात त्या वर जाऊन आल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता आणि हातात साबणाची डबी.

"साहेबांचं झालं असेल, तर माझा नंबर आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे अंगाईवाल्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी. व्यवस्थापक "अहो, अहो, हे पाहुण्यांचं..." म्हणेपर्यंत पाढेवाल्या बाई आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली.

मुलगा बाईंजवळ आला. "आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "रागावलीस?"

"हो," बाई म्हणाल्या. "खूप. आणि तू जरा लांब उभा राहा. आत माणूस आहे."